साक्षीचा काळ

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये ‘साक्ष’ नावाचा एक मौखिक प्रकार पिढ्यान्‌पिढ्या नांदतो आहे. मौखिक परंपरेची चर्चा करताना आपण ओवी, कीर्तन, पोवाडा यांची नावे घेतो. साक्षीचे नाव घेतलेले आमच्या तरी ऐकिवात नाही. वस्तुतः मराठी आत्मचरित्राच्या आरंभीच्या टप्प्यावरच ती उभी आहे. १८५४ साली बाप्तिस्मा घेतलेल्या बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ म्हणजे एक दीर्घ, लेखी साक्षच होय. रविवारच्या उपासनेत, एखाद्याच्या घरी भरलेल्या प्रार्थनासभेत, उपास-प्रार्थनेच्या दिवशी कोणीही सभासद उठतो, मंडळीला सलाम करतो आणि सांगू लागतो. रचना बहुधा ठरलेली असते: मी असा असा होतो, दारू पीत होतो, आजारी होतो, कर्जात होतो, मग एके दिवशी असे घडले, आणि आज मी तुमच्यासमोर उभा आहे. क्रियापदे एकजात भूतकाळी. शेवटचे वाक्य तेवढे वर्तमानकाळी, आणि ते आनंदाचे. मग मंडळी ‘आमेन’ म्हणते.

या रचनेविरुद्ध आमची तक्रार नाही. ज्यांना कोणत्याही व्यासपीठावर कोणी बोलू दिले नसते अशा असंख्य स्त्रीपुरुषांना साक्षीने बोलते केले, त्यांच्या विस्कळीत आयुष्याला एक कथानक दिले. आमचा प्रश्न वेगळा आहे, आणि तो खरे तर व्याकरणाचा आहे. साक्षीत दुःख नेहमी संपलेले असते. ज्याचे दुःख अजून चालू आहे त्याने कोणत्या काळात बोलावे? आणि इतरांच्या साक्षी ऐकून घेणे हेच ज्याचे काम, त्या पाळकाचेच दुःख चालू असेल तर?

हा प्रश्न आम्हांला वाचनातून सुचलेला नाही. देहूरोडला आमचे वास्तव्य बरीच वर्षे आहे. पुणे-लोणावळा लोकलने आकुर्डी मागे पडली की हे स्टेशन येते. लष्कराचे डेपो, आयुध निर्माणी, कॅन्टोन्मेंटच्या चाळी आणि बाजार अशी या गावाची घडण. डेपोच्या नोकऱ्यांनी इथे तमिळ, तेलुगू, मल्याळी कुटुंबे आणली, नगर-सोलापूर-जालन्याकडची मराठी ख्रिस्ती कुटुंबेही आणली. पुढे पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांनी कंत्राटी कामगारांची नवी पिढी आणली. त्यामुळे या पट्ट्यात रविवारी सकाळी चार-पाच भाषांत उपासना चालते. पहिल्या पाळीवाले संध्याकाळच्या उपासनेला येतात आणि रात्रपाळीवाले सकाळच्या उपासनेत डुलक्या घेतात.

अशा मंडळीत पाळकाचे काम काय असते, हे बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. प्रवचन हा त्याचा सर्वांत लहान भाग. कोणाचा कंत्राटी मुलगा कामावरून कमी झाला, कोणाच्या घरी नवराबायकोचे बोलणे तुटले, कोणी वायसीएमला दाखल आहे, कोणाच्या मातीसाठी जागा मिळवायची आहे, कोणाला शाळेसाठी दाखला हवा आहे, या सर्वांसाठी रात्री-अपरात्री एकच फोन वाजतो. कारखान्यात मनाचे काही बिघडले तर बोलायला कोणी नसते, म्हणून माणसे पाळकाकडे येतात. मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला लाज वाटते, पाळकाकडे वाटत नाही. या अर्थाने या पट्ट्यातला पाळक हा बिनपगारी समुपदेशकच असतो (पगार मिळतो तो प्रवचनाचा, आणि तोही वेळेवर मिळतोच असे नाही).

काही वर्षांपूर्वी याच पट्ट्यातील एका मंडळीचे पाळक आमचे स्नेही झाले. त्यांचे नाव-गाव इथे सांगण्याचे कारण नाही. वाचनाचा नाद, आवाज चांगला, माणसांत रमणारा माणूस. एका वर्षात त्यांनी बरीच प्रेते पुरली, त्यांत दोन तरुणांची होती. हळूहळू त्यांची झोप उडाली. जेवण कमी झाले. प्रवचने मात्र चालू होती; उलट अधिक आवेशाची होत गेली. मग एका रविवारी प्रवचनाची वेळ आली आणि ते खुर्चीतून उठलेच नाहीत. रडले नाहीत, बोलले नाहीत, फक्त बसून राहिले. पंचांपैकी एकाने प्रसंगावधान राखून ‘उपासना संगीता’तले एक गीत सुरू केले, आणि मंडळीने त्याची सगळी कडवी म्हटली.

नंतर जे झाले ते कोणत्याही मंडळीत झाले असते. “साहेबांना बी.पी. आहे,” असे जाहीर झाले. साखळी-प्रार्थना झाली, उपास झाला. एका गटाचे म्हणणे पडले की कुठे तरी पाप दडलेले असणार. दुसऱ्याचे म्हणणे, सैतान पुढाऱ्यावरच प्रथम हल्ला करतो. यांपैकी कोणीही दुष्ट नव्हते. सर्वांना पाळकसाहेब बरे व्हायला हवे होते, आणि लवकर. या गडबडीत डेपोतून निवृत्त झालेले एक स्टोअरकीपर काका मात्र काही न बोलता दर पंधरा दिवसांनी त्यांना लोकलने पुण्यात मानसोपचारतज्ज्ञाकडे घेऊन जात राहिले. विचारणाऱ्याला सांगत, “साहेबांना पुस्तकं घ्यायचीत, मी सोबतीला.”

आठ-दहा महिन्यांनी साहेब पुन्हा उभे राहू लागले. साहजिकच मंडळीने त्यांच्याकडे साक्ष मागितली. देवाने केवढे काम केले ते सांगा, म्हणजे इतरांना उत्तेजन मिळेल. काकांनीच तो निरोप नेला. त्यावर पाळकांनी जे उत्तर दिले ते आम्ही तिथे बसून ऐकले: “काका, साक्ष संपलेल्याची देतात. माझं अजून चालू आहे. गोळ्या चालू आहेत.” पुढच्या रविवारी त्यांनी साक्षीच्या वेळेस स्तोत्रसंहितेतले अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र उघडले, सावकाश वाचले, आणि जागेवर जाऊन बसले.

ज्यांनी हे स्तोत्र वाचलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो. दीडशे स्तोत्रांत विलापाची स्तोत्रे पुष्कळ आहेत, पण त्यांतील बहुतेक शेवटी कुठे तरी वळतात. आक्रोश करणारा अखेरच्या चरणांत स्तुतीला लागतो. अठ्ठ्याऐंशीवे वळत नाही. त्यात कोणी उत्तर देत नाही, सकाळ उगवत नाही, आणि मूळ हिब्रूतला त्याचा शेवटचा शब्द अंधाराचा आहे. असे असूनही ज्यांनी स्तोत्रांचा संग्रह केला त्यांनी ते वगळले नाही, त्याला गोड शेवटही जोडला नाही. उपासनेत म्हणायच्या गीतांमध्ये ते तसेच ठेवले. म्हणजे वर्तमानकाळी दुःखाला धर्मग्रंथात जागा होती. ती आमच्या मंडळ्यांच्या व्यवहारातून गेली. कशी गेली, याचा इतिहास लिहायला हवा. आमचा अंदाज असा की धर्मांतरितांच्या समाजाला आपला निर्णय योग्य होता हे आप्तांना, शेजाऱ्यांना आणि मिशनऱ्यांना सतत दाखवून द्यावे लागले. ‘तिकडे जाऊन तुमचे काय भले झाले?’ या प्रश्नाला सतत उत्तर द्यावे लागणाऱ्या समाजाला अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र परवडत नाही.

आणि हे सारे घडते ते देहूच्या वेशीवर. ज्या गावाच्या नावावरून आमच्या स्टेशनाचे नाव पडले, त्या गावच्या कवीने सतराव्या शतकात हेच व्याकरण मोडून दाखवले होते. १६३० च्या आसपासच्या दुष्काळात तुकोबांचा व्यापार बुडाला, पहिली पत्नी आणि मुलगा दगावले. पुढच्या अभंगांत विठ्ठलाशी भांडण आहे, स्वतःच्या मनाची किळस आहे, काहीच कळेनासे झाल्याची कबुली आहे. आणि हे सर्व ‘तेव्हा होते’ असे नव्हे, ‘आता आहे’ असे. अनुभवाच्या शिखरावरचे अभंग गाथ्यात आहेत, तसे तळाचेही आहेत, आणि वारकरी दोन्ही गातो. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो असे नारायण वामन टिळक म्हणत. टिळकांनी मराठी मंडळ्यांना तुकोबांचे छंद दिले, भक्तीची भाषा दिली, पण तुकोबांचा तळ त्या वाटेने पुरता पलीकडे आला नाही असे आम्हांला वाटते. (देहूरोडला आणखी एक शेजार आहे. २५ डिसेंबर १९५४ रोजी, म्हणजे नेमका नाताळच्या दिवशी, डॉ. आंबेडकरांनी इथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. तेव्हापासून या गावाला त्या दिवशी दोन सण असतात. ज्या धर्माचे पहिले आर्यसत्यच ‘दुःख आहे’ असे वर्तमानकाळी आहे, तो आमच्या चर्चपासून हाकेच्या अंतरावर आहे.)

टिळकांच्या घरातून मात्र एक पुस्तक असे आले की ज्याने साक्षीचा साचा आतून उसवला. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागले. लक्ष्मीबाईंनी ती साक्ष म्हणून लिहिली असती तर तिचा आराखडा तयार होता: हिंदू घरातले सोवळे-ओवळे, पतीचे १८९५ मधील धर्मांतर, विरहाची वर्षे, १९०० मधील स्वतःचा बाप्तिस्मा, आणि शांती. घटना सगळ्या त्याच आहेत. शांती तेवढी नाही. बाप्तिस्म्यानंतरही टिळक तेच टिळक राहतात: तापट, लहरी, उदार, न सांगता घराबाहेर पडणारे, हातातले पैसे वाटून मोकळे होणारे. पाळकाच्या घराची ती आतली बाजू आहे, आणि ती एका पाळकाच्या बायकोने कोणतीही सफाई न करता, हसत हसत लिहिली आहे. टिळकांना १९०४ साली पाळकपदाची दीक्षा मिळाली, १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, ‘देवाचा दरबार’ मांडला, १९१९ साली ते गेले. या प्रत्येक उड्डाणामागे घर कोणी सांभाळले हे आपण वाचतो, पण पाळकीय जीवनाचा दस्तऐवज म्हणून वाचत नाही.

त्याहून मोठी गोष्ट पुस्तकाच्या आरंभीच आहे. १८५७ च्या धामधुमीनंतर लक्ष्मीबाईंच्या आजोबांना फाशी झाली, आणि त्या धक्क्यानंतर वडिलांच्या मनाने सोवळ्याचा असा ध्यास घेतला की घरात येणारा जिन्नस, अगदी मीठसुद्धा, धुऊन घेण्यापर्यंत मजल गेली. हा भाग आम्ही वर्षानुवर्षे वर्गात शिकवला. वर्ग हसतो, हसावे अशीच लेखणी आहे. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “सर, पण हा आजार नव्हता का?” वर्ग गप्प झाला. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसाचे निदान करणे हे साहित्याच्या शिक्षकाचे काम नव्हे, ते आम्ही केलेही नाही. पण तो प्रश्न योग्य होता. मराठीतले एक श्रेष्ठ आत्मचरित्र मनाच्या एका दुखण्याच्या वर्णनाने सुरू होते, त्याचे कारण म्हणून एक मृत्यू सांगते, आणि त्या घरातल्या बायकामुलांनी ते कसे निभावले हे सांगते. लक्ष्मीबाईंना त्या दुखण्याचे नाव माहीत नव्हते. ते दुखणे आहे हे मात्र त्यांनी पाहिले होते. आणि ते पाप आहे असे त्या कुठेही म्हणत नाहीत, ख्रिस्ती झाल्यावर लिहितानाही नाही.

इथे एका परदेशी पाळकाचा दाखला देणे भाग आहे, कारण त्याची कथा भारतातच घडली. इ. स्टॅन्ली जोन्स हे अमेरिकन मेथडिस्ट मिशनरी १९०७ साली भारतात आले. आठ-नऊ वर्षांच्या कामानंतर ते मनाने कोसळले. विश्रांतीसाठी मायदेशी गेले, परत आले आणि पुन्हा कोसळले. लखनौमध्ये एका रात्री प्रार्थनेत आपल्याला नवे बळ मिळाले अशी साक्ष त्यांनी पुढे १९२५ च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात दिली. साक्ष नेहमीच्या साच्यातली आहे: कोसळलो होतो, उठलो. पण गोष्ट तिथे थांबली नाही. १९५० साली त्याच लखनौमध्ये जोन्स यांनी ‘नूर मंज़िल’ हे मनोरुग्णांसाठीचे केंद्र उभे केले. ज्याला प्रार्थनेत बळ मिळाले होते त्याने इतरांना ‘तुम्हीही प्रार्थनाच करा’ एवढे सांगून वाटेला लावले नाही, डॉक्टर आणले. आमच्या मंडळ्यांत जोन्स यांची साक्ष सांगितली जाते; ‘नूर मंज़िल’चा उल्लेख आम्ही प्रवचनात ऐकलेला नाही.

अमेरिकेत अँटन बॉयझन नावाचे धर्मोपदेशक १९२० साली स्वतः मनोरुग्णालयात दाखल झाले होते. बरे झाल्यावर ते अशाच एका रुग्णालयात चॅप्लन म्हणून गेले आणि १९२५ च्या उन्हाळ्यात धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्यांनी रुग्णांपाशी बसवून शिकवायला सुरुवात केली. पुस्तकांइतकेच काळजीपूर्वक या माणसांना वाचायला शिका, असा त्यांचा आग्रह. साहित्याच्या विद्यार्थ्याला ही कल्पना परकी वाटू नये. आपल्याकडे वेल्लोरला ख्रिस्ती समुपदेशनाचे केंद्र आहे, पुण्यात तर धर्मशास्त्राच्या मोठ्या संस्थाच आहेत. म्हणजे पाळकाला दुसऱ्याचे ऐकायला शिकवण्याची सोय आहे. पाळकाचे कोणी ऐकावे, याची सोय आम्हांला दिसत नाही. कॅथलिक धर्मगुरूला निदान दुसऱ्या धर्मगुरूपुढे पापनिवेदन करता येते, गोव्यात ज्याला कुमसार म्हणतात. पण तीही पापाची कबुली. झोप न येणे हे पाप नव्हे, मग ते कुठे सांगायचे?

एलीया संदेष्ट्याची कथा या संदर्भात आम्हांला फार मोलाची वाटते. राजांच्या पहिल्या पुस्तकात, कर्मेल डोंगरावरच्या मोठ्या विजयानंतर लगेच, हा माणूस रानात जातो, रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. त्याला देवदूत येऊन काय सांगतो? उपदेश नाही, आणि ‘तुझा विश्वास कुठे गेला’ असा प्रश्नही नाही. एलीया झोपतो, दूत त्याला उठवून भाकर आणि पाणी देतो, तो पुन्हा झोपतो, दूत पुन्हा भाकर देतो. बोलणे पुढे, बऱ्याच दिवसांनी, दुसऱ्या डोंगरावर. स्टोअरकीपर काका धर्मशास्त्र शिकलेले नाहीत, पण लोकलचे तिकीट काढण्यात आणि परतताना शिवाजीनगरला चहा-पोळी खायला लावण्यात ते त्या दूताचेच अनुकरण करीत होते.

पुरण्याचा प्रश्नही इथे टाळता येत नाही, कारण आमच्या स्नेह्याने त्या वर्षी पुरलेल्या दोघा तरुणांपैकी एकाने स्वतःच जीव दिला होता, आणि कबरस्तानात काही जणांनी विचारले होते की पूर्ण विधी करायचा का. हा प्रश्न त्यांच्या मनातला नव्हता, फार जुना होता. इंग्लंडच्या चर्चच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकाने आत्मघात करणाऱ्यासाठी दफनविधी वर्ज्य ठरवला होता. १९१७ च्या कॅथलिक धर्मसंहितेनेही तो नाकारला होता. १९८३ च्या संहितेतून ती बंदी गेली, आणि १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाने तर स्पष्ट म्हटले की मनाची गंभीर विकलता माणसाची जबाबदारी कमी करते व चर्च अशांसाठी प्रार्थना करते. आपल्या देशात २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला तीव्र ताणाखालचा माणूस मानले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत तो जुना गुन्हा राहिलाच नाही. रोमने आणि दिल्लीने सोडले ते कबरस्तानाच्या फाटकात अजून शिल्लक आहे. पाळकांनी त्या दिवशी पूर्ण विधी केला. घरी आल्यावर त्यांनी जेवणाचे ताट बाजूला सारले, असे त्यांच्या पत्नीने पुढे सांगितले.

ज्या चर्चचे ते प्रार्थनापुस्तक, त्याच चर्चचे एक तरुण धर्मोपदेशक चॅड व्हारा यांना १९३५ साली चौदा वर्षांच्या एका मुलीचे दफन करावे लागले. पाळी सुरू झाली ती तिला भयंकर रोग वाटली आणि विचारायला कोणी नव्हते, म्हणून तिने जीव दिला होता. १९५३ साली त्यांनी लंडनच्या आपल्या चर्चमध्ये अशा माणसांसाठी एक टेलिफोन ठेवला. फोनची वाट पाहणाऱ्या आणि येणाऱ्यांना चहा देणाऱ्या साध्या स्वयंसेवकांशी बोलूनच पुष्कळांचे ओझे हलके होते, समुपदेशकापर्यंत जायची गरज उरत नाही, हे त्यांच्या लवकरच ध्यानात आले. आज आपल्याकडे १४४१६ हा ‘टेलिमानस’चा सरकारी क्रमांक आहे, १० ऑक्टोबर २०२२ पासून, आणि त्यावर मराठीतही बोलता येते. आमच्या ओळखीच्या एका चर्चच्या फलकावर तो कोणी तरी खडूने लिहून ठेवला आहे. दर रविवारी वचनाचा मजकूर बदलताना तो पुसला जातो आणि सोमवारी पुन्हा लिहिला जातो.

त्या अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रानंतर काय झाले, हे सांगायचे राहिले. ‘आमेन’ कोणी म्हटले नाही, कारण ते कुठे म्हणायचे हे कोणाला कळले नाही. उपासना संपल्यावर मात्र तीन माणसे एकामागून एक पाळकांच्या घरी आली. तिघांचीही दुखणी चालू होती. पाळकांनी त्यांना काकांचा फोन नंबर दिला.

आता महिन्यातून एका सोमवारी या पट्ट्यातले पाच पाळक एकाच्या घरी चहाला जमतात. तमिळ, तेलुगू, मल्याळी आणि दोन मराठी. समान भाषा म्हणजे मोडकी हिंदी. सभेचा वृत्तान्त ठेवत नाहीत, प्रार्थना शेवटी आणि थोडक्यात करतात. पाचांपैकी एकाने गेल्या महिन्यात आपल्या कमिटीकडे सहा आठवड्यांची रजा मागितली, आणि अर्जात ‘बी.पी.’ न लिहिता खरे कारण लिहिले. विषयपत्रिकेवर तो अर्ज सातवा आहे, छपराच्या गळतीनंतर आणि नाताळच्या वर्गणीच्या आधी.